हेड गॅस्केटचा बिघाड

हेड गॅस्केट हा मोटारगाडीच्या इंजिनातील सिलिंडर ब्लॉक आणि सिलिंडर हेड या दोन भागांच्या सांध्यात दाबून बसवलेला पातळ, सपाट, पत्रावजा भाग होय. सिलिंडरमधील जळते वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे ऑइल हे तिन्ही एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी त्याची योजना केलेली असते. गॅस्केट जळले, फाटले किंवा त्याची पकड सैल झाली की इंजिन तापू लागते, पाणी कमी होत जाते आणि वेळीच लक्ष न दिल्यास संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. या बिघाडाला गॅरेजच्या भाषेत ‘गॅस्केट उडणे’ किंवा ‘गॅस्केट जाणे’ असे म्हणतात. बहुतेक वेळा गॅस्केट आपण होऊन जात नाही. इंजिन आधी अन्य कारणाने तापलेले असते. म्हणून ते कारण न शोधता केवळ नवे गॅस्केट बसवल्यास बिघाड पुन्हा उद्भवण्याची शक्यता मोठी असते.

प्रस्तुत लेखात छोट्या पेट्रोल मोटारींमधील या बिघाडाची कारणे, निदान व दुरुस्ती यांची माहिती असून अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) हवामान, रस्ते व पाणी यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

== रचना आणि कार्य ==

इंजिनाच्या खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. त्यात सिलिंडर असतात व त्यांतून पिस्टन वरखाली फिरतात. ब्लॉकवर झाकणासारखे बसणारे हेड बोल्टांनी आवळलेले असते. त्यात वॉल्व्ह आणि स्पार्क प्लग असतात. दोन्ही भागांच्या भिंतींमधून पाण्याचे व ऑइलचे मार्ग काढलेले असतात आणि ते सांध्यातून आरपार जातात. त्यामुळे गॅस्केटला सिलिंडरसाठी मोठी आणि पाणी, ऑइल व बोल्ट यांच्यासाठी लहान छिद्रे असतात. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्ये गॅस्केटची जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते. ती सर्वांत नाजूक जागा होय.

या भागावर पडणारा ताण मोठा असतो. पेट्रोल पेटते तेव्हा ज्वालेचे तापमान काही क्षण २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि पूर्ण भारावर वायूचा दाब ५० बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक होतो (१ बार म्हणजे साधारणतः एका वातावरणाइतका दाब). त्याच सांध्यात काही मिलिमीटरवर असलेल्या पाण्याचा दाब मात्र सुमारे १ बारच असतो. सांध्यात फट पडताच जळते वायू पाण्याच्या मार्गात घुसतात. इंजिन बंद झाल्यावर दाब उलटतो आणि पाणी सिलिंडरमध्ये झिरपते.

अनेक छोट्या मोटारींत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ३०० मिलिमीटर लांबीच्या हेडचे तापमान ८० अंशांनी वाढले, तर ते सुमारे ०.५५ मिलिमीटरने लांब होते. तेवढ्याच लांबीचा बिडाचा भाग मात्र सुमारे ०.२६ मिलिमीटरने वाढतो. प्रत्येक वेळी इंजिन तापताना व निवताना गॅस्केटला हा फरक सोसावा लागतो. तापमान मर्यादेबाहेर गेले की बोल्टांनी जखडलेले हेड मोकळेपणाने वाढू शकत नाही व कायमचे वाकते.

जुनी गॅस्केटे ॲस्बेस्टॉस व धातूचा पत्रा यांची असत. पुढे ॲस्बेस्टॉसची जागा ग्रॅफाइटयुक्त द्रव्यांनी घेतली. आधुनिक इंजिनांत पोलादी पत्र्याचे अनेक थर एकत्र करून केलेली गॅस्केटे प्रचलित आहेत. ती टिकाऊ असली तरी त्यांना दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत व सपाट लागतात.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत पाण्याचे मार्ग नसल्याने गॅस्केटचे काम तुलनेने सोपे असते. अहमदनगर येथे कारखाना असलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना ही मोपेड याच प्रकारातील होती. तिच्या इंजिनात गॅस्केटला केवळ वायू अडवायचा असे.

== बिघाडाची कारणे ==

=== इंजिन तापणे ===

बिघाडाचे हे प्रमुख कारण आहे. इंजिन तापण्यामागे पुढीलपैकी एक किंवा अनेक दोष असू शकतात :

* रबरी होज पाइप, रेडिएटर किंवा वॉटर पंप यांतून गळती होऊन पाणी कमी होणे.
* थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकणे. अनेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. न उघडल्यास रेडिएटरकडे पाणी जातच नाही.
* रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने किंवा बाहेरून धूळ व किडे यांनी बुजणे.
* रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग वा रबर खराब होणे. झाकण दाब धरून ठेवत नसेल, तर पाणी कमी तापमानाला उकळते.
* विजेवर चालणारा पंखा, त्याचा फ्यूज, रिले अथवा तापमान-स्विच निकामी होणे.

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींचा पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनावरच फिरत असे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या ७९६ घनसेंटिमीटरच्या, तीन सिलिंडरांच्या मारुती ८०० मध्ये आणि नंतरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत विजेचा पंखा आला. तो गरजेपुरताच फिरतो. परंतु त्याचा फ्यूज गेल्यास मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो आणि दोष लपून राहतो. गाडी गर्दीत किंवा चढावर अडकली म्हणजे तो एकाएकी उघड होतो.

=== अन्य कारणे ===

पूर्वीच्या दुरुस्तीत बोल्ट चुकीच्या क्रमाने किंवा कमीअधिक आवळले जाणे, वाकलेले हेड सपाट न करता तसेच बसवणे, साध्या पाण्यामुळे गॅस्केटच्या कडा गंजणे, तसेच इंजिन सतत ‘ठोकत’ असणे (अवेळी स्फोट होऊन खटखट आवाज येणे) यांमुळेही बिघाड होतो.

== अहमदनगर जिल्ह्यातील परिस्थिती ==

जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास पोहोचते. पश्चिमेस अकोले तालुका सह्याद्रीत आहे; राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच भागात आहे. पुणे–नाशिक मार्गावरील संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील करंजी घाट आणि छत्रपती संभाजीनगर मार्गावरील इमामपूर घाट हे जिल्ह्यातील परिचित चढ होत. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये, म्हणजे अधिक फेऱ्यांवर आणि कमी वेगात चालते. इंजिनात उष्णता जास्त निर्माण होते, पण रेडिएटरवर वारा कमी लागतो. शिर्डी, शनि शिंगणापूर व मोहटादेवी या देवस्थानांकडे जाणाऱ्या छोट्या गाड्यांत पुष्कळदा सर्व आसने भरलेली, टपावर सामान आणि वातानुकूलन यंत्र सुरू अशी स्थिती असते. ऊसगाळपाच्या हंगामात राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या पट्ट्यात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे दीर्घकाळ संथ गतीने जावे लागते, तेव्हा सारी मदार विजेच्या पंख्यावर असते.

अहमदनगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला तरच हा उत्कलनबिंदू पुरेसा वर जातो. म्हणून झाकणासारख्या किरकोळ वस्तूकडेही दुर्लक्ष करता येत नाही.

तथापि सर्वांत दुर्लक्षित घटक पाण्याचा आहे. जिल्ह्यातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी अनेक ठिकाणी जड असून, कालव्यांच्या लाभक्षेत्रांतील काही भागांत ते क्षारयुक्त आहे. अशा पाण्यात विरघळलेली कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे तापल्यावर अविद्राव्य कार्बोनेटांत रूपांतरित होऊन धातूवर साचतात. अंघोळीच्या बंबात आतून जमणारा पांढरा थर तो हाच. उष्णता त्यातून सहज पार होत नाही. रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि हेडमधील पाण्याच्या मार्गांत तो साचला, तर पाण्याची पातळी पूर्ण असूनही इंजिन तापते. रेडिएटरमध्ये वारंवार बोअरचे पाणी भरल्याने हा थर वाढत जातो. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षाही अधिक क्षारयुक्त असते. ते ‘फिल्टरचे’ म्हणून वापरणे चुकीचे आहे.

== लक्षणे ==

गॅस्केट कोणत्या जागी फुटले आहे त्यावर लक्षणे अवलंबून असतात.

* '''सिलिंडर व पाण्याचा मार्ग यांच्यामध्ये :''' बाहेर कोठेही गळती नसताना पाणी कमी होते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. होज पाइप गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात दगडासारखे कडक होतात. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो व कूलंट वापरलेले असल्यास त्याला गोडसर वास असतो.
* '''दोन शेजारच्या सिलिंडरांमध्ये :''' इंजिन थरथरते, ओढ कमी होते, मात्र पाणी कमी होतेच असे नाही.
* '''पाणी व ऑइल यांच्या मार्गांमध्ये :''' डिपस्टिकवरील ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते किंवा पाण्यावर ऑइलचा तवंग येतो.
* '''बाहेरच्या बाजूस :''' हेड व ब्लॉक यांच्या सांध्यावर ओल, पांढरट डाग किंवा ऑइलचा ओघळ दिसतो.

यांपैकी एकच लक्षण निर्णायक मानू नये. थंडीच्या दिवसांत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी व काही मिनिटांत नाहीशी होणारी वाफ स्वाभाविक असते. नेहमी अगदी जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दमटपणामुळे पिवळसर साय जमते. डिपस्टिकवरील ऑइल स्वच्छ असेल, तर ती गॅस्केटची खूण नव्हे.

== रस्त्यात गाडी तापल्यास ==

तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेल्यास वातानुकूलन यंत्र बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ या विचाराने चालवलेले काही किलोमीटरच हेड वाकण्यास पुरेसे ठरतात. काटा एकाएकी खाली आला, तरी धोका टळला असे समजू नये. पाणी पूर्ण संपल्यास तापमान मोजणारा भाग कोरडा पडतो आणि काटा खोटे कमी तापमान दाखवू शकतो.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब नाहीसा होताच आतील पाणी क्षणात उकळून अंगावर उडते व गंभीर भाजते. इंजिन हाताला सोसेल इतके थंड होण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. तापलेल्या इंजिनावर अथवा कोरड्या रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. पाणी पुन्हा वेगाने कमी होत असेल, तर गाडी ओढून नेणे इष्ट होय.

== निदान ==

हेड उतरवणे हे वेळखाऊ काम असल्याने त्यापूर्वी बिघाडाची खात्री करणे आवश्यक आहे. चाचण्या सोप्याकडून कठीणाकडे या क्रमाने कराव्यात.

# '''दृश्य तपासणी.''' थंड इंजिनात पाणी, ऑइल, होज पाइप, वॉटर पंपाखालचा भाग आणि हीटर असल्यास पायाखालचा गालिचा पाहावा. साध्या गळतीमुळे पाणी कमी होत असेल, तर ती येथेच सापडते.
# '''बुडबुड्यांची तपासणी.''' थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरून झाकण उघडे ठेवून गाडी सुरू करतात. सुरुवातीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबतच नसतील आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात येत असल्याचा संशय बळावतो. पाणी तापू लागण्यापूर्वी ही तपासणी संपवावी.
# '''दाबचाचणी.''' रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. बाहेर गळती न दिसता दाब उतरत गेला, तर पाणी आत जात आहे. त्यानंतर प्लग काढून इंजिन फिरवल्यास त्या सिलिंडरमधून पाण्याचे तुषार उडतात.
# '''रासायनिक चाचणी.''' रेडिएटरच्या तोंडावरील हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. पेट्रोल गाडीत जळलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा होतो.
# '''कॉम्प्रेशन चाचणी.''' सर्व प्लग काढून, इग्निशन व इंधनपुरवठा तोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन चार-पाच वेळा फिरवतात व प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो साधारणतः १० ते १३ बार असतो आणि सिलिंडरांमधील फरक १ बारच्या आत असावा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाब दाखवत असतील, तर त्यांच्यामधले गॅस्केट गेल्याची शक्यता सर्वाधिक असते. एकच सिलिंडर कमी असल्यास त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. न वाढल्यास वॉल्व्ह अथवा गॅस्केटचा मानतात.
# '''प्लगची तुलना.''' एक प्लग इतरांपेक्षा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असावे.

सिलिंडरमध्ये पाणी साचले असल्याची शंका असेल, तर प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

== दुरुस्ती ==

निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील क्रम व मापे प्रमाण मानावीत. सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे :

=== हेड उतरवणे ===

इंजिन पूर्ण थंड असावे. गरम हेडचे बोल्ट सैल केल्यास ते वाकते. बॅटरीची ऋण तार काढून पाणी व ऑइल सोडतात. एअर क्लीनर, मॅनिफोल्ड, तारा व नळ्या काढताना प्रत्येकीवर खूण करतात. टायमिंगच्या खुणा जुळवून मगच पट्टा किंवा साखळी काढतात. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे करत दोन-तीन फेऱ्यांत सैल करतात. हेड चिकटून बसले असल्यास सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो.

=== तपासणी ===

जुने गॅस्केट फेकण्यापूर्वी काळजीपूर्वक पाहावे. जळकी काळी रेघ कोणत्या सिलिंडरपासून कोणत्या छिद्राकडे गेली आहे, यावरून बिघाडाची जागा कळते. पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने स्वच्छ करतात. खरखरीत कागदाने घासल्यास ॲल्युमिनियमवर खळगे पडतात आणि कण ऑइलमध्ये जाऊन बेअरिंगे खराब करतात. ब्लॉकमधील बोल्टांची छिद्रे कोरडी करणे महत्त्वाचे आहे. त्यांत ऑइल वा पाणी राहिल्यास बोल्ट आवळताना निर्माण होणाऱ्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो.

अचूक सरळ पट्टी हेडवर लांबीने, रुंदीने व दोन्ही कर्णांवर उभी धरून तिच्याखाली फीलर गेज सरकवतात. अनेक छोट्या इंजिनांत अनुमत वाकडेपणा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो अधिक आढळल्यास हेड यंत्रशाळेत ‘फेसिंग’साठी पाठवतात. तेथेच रंगद्रवाने किंवा हवेच्या दाबाने तडे तपासून घ्यावेत. फेसिंग करताना कमीत कमी धातू काढावा, कारण हेड पातळ होईल तसे संपीडनाचे प्रमाण वाढते व इंजिन ठोकू लागते. ब्लॉकचा पृष्ठभागही त्याच पद्धतीने मोजणे आवश्यक आहे. ही पायरी पुष्कळदा गाळली जाते.

=== पुन्हा जोडणी ===

नवे गॅस्केट वरची बाजू दाखवणारी खूण पाहून आणि ऑइलचे छिद्र जुळवून कोरडेच बसवतात. पुस्तिकेत सांगितले नसल्यास त्यावर कोणतीही पेस्ट लावू नये. काही इंजिनांचे बोल्ट आवळताना किंचित ताणले जातात. ते पुन्हा वापरू नयेत. बोल्ट मध्यापासून कडेकडे, टॉर्क रेंचने, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. काही गाड्यांत अखेरचा टप्पा टॉर्कऐवजी ठरावीक अंशांत दिलेला असतो. हाताच्या अंदाजाने आवळलेले बोल्ट समान ताण देत नाहीत.

या वेळीच थर्मोस्टॅट पाण्यात तापवून तो योग्य तापमानाला उघडतो का ते पाहावे, रेडिएटर साफ करून घ्यावा आणि पंखा, झाकण, होज पाइप व वॉटर पंप तपासावेत. गाडी मुळात का तापली याचे उत्तर मिळेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजता येत नाही.

=== दुरुस्तीनंतर ===

नवे ऑइल व फिल्टर घालतात. आधी पाणी मिसळले असल्यास थोड्या दिवसांनी ऑइल पुन्हा बदलतात. कूलंट भरताना अडकलेली हवा काढणे आवश्यक असते, अन्यथा हेडमध्ये वाफेचे कप्पे होतात. इंजिन सुरू ठेवून पंखा आपोआप सुरू व बंद होतो याची खात्री करतात. पुढील काही दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी पाहतात.

== खर्च आणि निर्णय ==

गॅस्केटची किंमत एकूण खर्चाचा लहान भाग असते. मोठा भाग मजुरी, फेसिंग, ऑइल व कूलंट यांचा असतो. त्यामुळे घाईत केलेली व पुन्हा करावी लागणारी दुरुस्ती सर्वांत महाग पडते. हेडला तडा असेल, तर जोडकामापेक्षा दुसरे हेड घेणे सोयीचे ठरू शकते. पिस्टन व सिलिंडरही खरवडले असतील, तर संपूर्ण इंजिन बांधावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येत असल्याने जुन्या गाडीच्या बाबतीत उरलेली मुदत व गाडीची एकंदर स्थिती पाहून निर्णय घेणे योग्य होय.

रेडिएटरमध्ये टाकायची गळतीरोधक द्रवे बाजारात मिळतात. किरकोळ गळती ती काही काळ थांबवू शकतात. परंतु रेडिएटर व हीटरच्या बारीक नळ्या बुजवण्याचा धोका असल्याने त्यांना दुरुस्तीचा पर्याय मानता येत नाही.

== प्रतिबंध ==

* निर्मात्याने सांगितलेले कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून अथवा तयार मिश्रण आणून वापरावे. निम्मे-निम्मे मिश्रण दाबाखाली १२० अंशांच्या वर उकळते, गंज रोखते व त्यापासून क्षार साचत नाहीत.
* आणीबाणीत बोअरचे पाणी घातले असल्यास ते शक्य तितक्या लवकर काढून टाकून कूलंट भरावे.
* आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी पाहावी. वारंवार पाणी घालावे लागणे हे बिघाडाचे पहिले लक्षण असते. त्याकडे गाडीची ‘सवय’ म्हणून पाहू नये.
* उन्हाळ्यापूर्वी आणि घाटाच्या प्रवासापूर्वी पंखा सुरू होतो का, होज पाइप मऊ वा चिरलेले नाहीत ना, झाकणाचे रबर शाबूत आहे का, हे तपासावे.
* जुनी गाडी विकत घेताना इंजिन थंड असतानाच पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास बुडबुडे, धूर व पाण्याची पातळी यांची तपासणी नीट करता येत नाही.

== हेही पाहा ==

* अंतर्ज्वलन इंजिन
* रेडिएटर
* थर्मोस्टॅट
* पाण्याचा जडपणा